सोन्याच्या खाणींचे पाट, आता बागेच्या दिमतीला: नेव्हाडा इरिगेशन डिस्ट्रिक्टचे कच्चे पाणी

कॅलिफोर्नियात ग्रास व्हॅली, नेव्हाडा सिटी, ऑबर्न या डोंगरउताराच्या पट्ट्यात दोन-पाच एकर जागा बघायला गेलात की "एनआयडीचे पाणी आहे, अर्धा इंच" असे कानावर येते. एनआयडी म्हणजे नेव्हाडा इरिगेशन डिस्ट्रिक्ट, या पट्ट्याला पाटाचे कच्चे, म्हणजे शुद्ध न केलेले पाणी पुरवणारी सार्वजनिक संस्था. हा अर्धा इंच म्हणजे पाइपचा व्यास नव्हे. तो मायनर्स इंच, खाणवाल्यांच्या काळापासून चालत आलेले प्रवाहाचे माप. (आणि नेव्हाडा म्हणजे इथे शेजारचे राज्य नव्हे, कॅलिफोर्नियातलाच एक जिल्हा, म्हणजे काउंटी.) फळबाग, कुरण, भाजीपाला, चार शेळ्या यांच्यासाठी ही सेवा आम्हाला चांगली वाटते. पण तोटी फिरवली की हवे तेवढे पाणी, या हिशेबाने घेणाऱ्याची पहिल्याच उन्हाळ्यात फजिती ठरलेली.

या पाण्याचे मूळ मालक खासगी होते. डोंगराच्या कडेकडेने पाट खोदायचे, वर तलाव बांधायचे आणि पाणी खाणवाल्यांना विकायचे किंवा स्वतःच्या खाणीवर न्यायचे, असा तो धंदा. बोमन तलाव नॉर्थ ब्लूमफील्ड ग्रॅव्हल मायनिंग कंपनीने त्यासाठीच बांधला. त्या पाण्याचे फवारे मारून सोन्यासाठी मॅलाकॉफचा डोंगर धुऊन काढला. गाळाने खालच्या नद्या भरल्या, प्रकरण कोर्टात गेले आणि १८८४ मध्ये न्यायाधीश सॉयर यांनी नदीत गाळ सोडायला मनाई केली. खाणी बसल्या, पाट उरले. १९२१ मध्ये मतदारांनी कौल देऊन एनआयडी ही सार्वजनिक संस्था उभी केली आणि तिने असे पाट, तलाव आणि पाण्याचे हक्क आपल्याकडे घेतले. त्यात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे हक्काची तारीख. कॅलिफोर्नियात ज्याने आधी पाणी उचलले त्याचा हक्क वरचढ, त्यामुळे दुष्काळात कात्री आधी नव्या हक्कांना लागते. गळका पाट दुरुस्त करता येतो, जुनी तारीख नव्याने तयार करता येत नाही.

आता माप. एक मायनर्स इंच म्हणजे मिनिटाला ११.२२ गॅलन, साधारण साडेबेचाळीस लिटर. दिवसाला सुमारे ६१ हजार लिटर होतात. हंगाम १५ एप्रिल ते १४ ऑक्टोबर, १८३ दिवसांचा. त्यात एक इंच पाणी १ कोटी ११ लाख लिटरच्या वर जाते. आकडा मोठा वाटतो, पण पाणी एकदम येत नाही. आपल्याकडे नमुना ७, म्हणजे पाण्याचा मागणी अर्ज, भरून आवर्तनाची वाट पाहायची आणि पाळी आली की रात्री-अपरात्री मोठा लोंढा रानात घ्यायचा, ही रीत. इथे उलटे: बारीक धार, पण दिवसरात्र. तुम्ही झोपलात तरी वाहणार आणि पैसे धारेचे, वापराचे नव्हेत.

म्हणून साठवण हवीच. अर्ध्या इंचाला मिनिटाला साडेपाच गॅलनच्या आसपास पाणी मिळते. त्यावर मिनिटाला तीन गॅलन फेकणारे दोन तुषार एका वेळी चालवायलाही ते थोडे अपुरे पडते. ५,००० गॅलनची टाकी याच धारेवर पंधरा तासांत भरते. रात्रभर भरा, पहाटे पंपाने द्या. ऐन जुलैत, दिवसाला ७ मिलिमीटर गरज आणि पाऊण हिस्सा पाणीच मुळाशी पोचते असे धरले, तर अर्ध्या इंचात साधारण ३२ गुंठे कुरण भिजते. ठिबकवर फळझाडे असतील तर बरेच जास्त.

पाणी मोजून देण्याची रीत खाणवाल्यांचीच: पाटाच्या काठाला पेटी, पेटीत ठराविक आकाराचे भोक आणि त्याच्या मध्यापासून वर ६ इंच पाण्याची उभारी, म्हणजे उंची. अशा वेळी एक चौरस इंचाच्या भोकातून एक मायनर्स इंच पाणी जाते. तक्रार करण्याआधी इथेच बघा. उभारी ६ ची ३ इंच झाली तर प्रवाह अर्धा होत नाही, तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. मात्र पाइनच्या सुयांनी आणि शेवाळाने निम्मे भोक बुजले तर पाणी सरळ निम्मे होते. उन्हाळ्यात धार बारीक झाली तर पहिला संशय कचऱ्यावर घ्यावा. पेटीच्या पुढची जाळी आणि पाइप यांची निगा ग्राहकाकडे असते, तेव्हा जाळी सहज निघेल अशी बसवा.

पाइपात कंजूषी महागात पडते. एक इंच धारेसाठी ३०० मीटर लांब १ इंची पाइप टाकला तर वीसेक मीटर उंची नुसत्या घर्षणात जाते, म्हणजे दोन किलो प्रेशर गेले. तिथेच २ इंची पाइप टाका, तोटा पाऊण मीटरवर येतो. वाटेत चढ-उतार असेल तर प्रत्येक उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह द्या. नाहीतर हवा अडकते आणि पेटी भरलेली असूनही शेवटी थेंब येत नाही. ठिबकला १२० मेशचा डिस्क फिल्टर लावा, आणि त्याच्या आधी वाळू बसायला लहान टाकी. नुसत्या फिल्टरवर भिस्त ठेवली तर पावसानंतर गढूळ पाणी आले की तो रोज धुवावा लागतो.

हे पाणी पिण्याचे नाही. उघड्या पाटात गुरे, हरणे, रस्त्याचा पाऊस सगळे येते. घरात कच्चे पाणी घेतले असेल तर पिण्यासाठी वेगळी सोय हवी. कापडाने गाळून उकळू, हा तोडगा इथे धरू नका.

सेवेचा कमकुवत भाग पाटातच आहे. सुमारे ४७५ मैलांचे जाळे, त्यातले बरेचसे जुन्या रेषांवर. मातीच्या पाटात पाझर असतो, घुशीसारखे बीळ करणारे प्राणी भराव पोखरतात, वादळात झाड आडवे पडते. टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या ग्राहकाला हे आधी जाणवते. हंगाम संपल्यावर दुरुस्तीसाठी पाट बंद ठेवतात, त्यामुळे हिवाळ्यात जनावरांचे पाणी या धारेवर ठेवू नये. हिवाळी पाणी वेगळे मागावे लागते आणि ते अखंड येईलच असे नाही.

जागा घेताना विक्रेत्याच्या शब्दावर राहू नका. त्या भूखंडाला किती इंच मंजूर आहे ते डिस्ट्रिक्टकडून लेखी घ्या, पेटी प्रत्यक्ष बघा आणि पेटीपासून तुमच्या कुंपणापर्यंतचा पाइप शेजाऱ्याच्या जमिनीतून येत असेल तर त्या वाटेचा हक्क दस्तात नोंदलेला आहे का ते तपासा. पाट तुमच्याच जमिनीतून जात असेल, तर त्याच्या काठची पट्टी देखभालीसाठी मोकळी ठेवावी लागते. तिथे शेड बांधायचा बेत आधीच सोडा.