ट्रकला मॅन्युअल बरा की ऑटोमॅटिक?

आधी एक क्लिअर करतो, ट्रकमधे ज्याला सगळे ऑटोमॅटिक म्हणतात तो बहुतेक वेळा एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) असतो, म्हणजे आतून गिअरबॉक्स मॅन्युअलसारखाच, क्लचपण असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम कॉम्प्युटर करतो. व्होल्वोचा १२ गिअरचा आय-शिफ्ट याच जातीचा. टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी तेलातून इंजिनची ताकद पुढे देणारा) वेगळा, तो कचरागाडीसारख्या सारखं थांबत-निघत चालणाऱ्या गाडीला बेस्ट.

ट्रॅफिकमधे एएमटीच, वादच नाही, दिवसभर क्लच मारून डावा गुडघा कामातून जातो. डिझेलचं म्हणाल तर मुरलेला ड्रायव्हर मॅन्युअलवरही तेवढंच ॲव्हरेज काढतो, पण नवख्याला एएमटी बराच सांभाळून घेतो.

खरा फरक चढ-उतारावर कळतो. मॅन्युअलवाल्याला पुढचा चढ दिसतो म्हणून तो आधीच खालचा गिअर टाकतो, साधा एएमटी मात्र आरपीएम (इंजिनचे फेरे) पडल्यावर जागा होतो (जीपीएस मॅप बघून गिअर बदलणारे आता आलेत, ते बरेच शहाणे आहेत). उतारावर उलटं, लोड गाडीत मॅन्युअलचा गिअर एकदा निसटून गाडी न्यूट्रल झाली आणि गिअर परत बसलाच नाही तर इंजिन ब्रेक (गिअरमधे असताना इंजिनच गाडीचा वेग आवरतं तो) गेला, सगळा भार चाकाच्या ब्रेकवर आणि ते तापले की पकडतच नाहीत. एएमटीत मॅन्युअल मोड लावून गिअर धरून ठेवा, प्लीज हे कराच.

रिपेअरला मॅन्युअल सोपा, एएमटीचा सेन्सर गेला की लॅपटॉपवाला शोधा. लांबच्या हायवेला मी एएमटीच घेईन, पण शिकायचं मॅन्युअलवर, कारण काही देशांत ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर लायसन्सवर मॅन्युअल चालवता येत नाही.