टर्की फ्रायरचा संच घ्यावा, की शेगडी आणि पातेलं वेगळं?

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण जवळ आला की दुकानांत टर्की फ्रायरचे, म्हणजे टर्की हा मोठा पक्षी अख्खा तेलात तळायचे, संच दिसू लागतात. त्यात प्रोपेनची उंच शेगडी, रेग्युलेटर लावलेली नळी, ३० क्वार्टचं म्हणजे सुमारे २८ लिटरचं ॲल्युमिनियमचं पातेलं, टर्की अडकवायचा दांडा आणि लांब थर्मामीटर असतो. नोव्हेंबरात टर्की तळायची आणि एरवी त्याच संचावर घरी बीअर करायची, असा अनेकांचा बेत असतो. दुसरा पर्याय म्हणजे बुटकी, रुंद शेगडी आणि ४० लिटरचं स्टीलचं पातेलं असं सुटं घेणं. विजेवर चालणारं बीअरचं यंत्र हा तिसरा.

आचेच्या बाबतीत फ्रायर कुठेच कमी पडत नाही. घरातल्या गॅसचा एक बर्नर साधारण ९ ते १२ हजार बीटीयूचा (आचेचा जोर मोजायचं एकक) असतो आणि २५ लिटर पाण्याला तो नीट खळखळ उकळी आणू शकत नाही. फ्रायरची शेगडी ५० हजारांच्या आसपास असेल तर तेवढंच पाणी अर्ध्या तासात उकळतं. अमेरिकेतल्या नेहमीच्या १२० व्होल्टवर चालणारं १६०० वॅटचं यंत्र त्याच कामाला दीड तासाहून जास्त घेतं. २४० व्होल्टचं ३५०० वॅटचं यंत्र पाऊण तासात करतं. त्यामुळे घरात २४० व्होल्टची सोय असेल आणि फक्त बीअरच करायची असेल, तर वीज उत्तम. तापमान आपोआप राखलं जातं, वाऱ्यापावसाचा प्रश्न नाही. त्यावर टर्की मात्र तळता येत नाही.

खरी अडचण फ्रायरच्या पातेल्यात आहे. बीअरचा नेहमीचा घाणा ५ गॅलनचा, म्हणजे १९ लिटरचा. तासाभराच्या उकळीत ३-४ लिटर वाफ होऊन जातं, तळाशी गाळही राहतो, म्हणून सुरुवात २४-२५ लिटरने करावी लागते. २८ लिटरच्या पातेल्यात वर जेमतेम तीन लिटरची जागा उरते. माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) पाणी उकळीला येताना प्रथिनांचा जाड फेस एकदम वर चढतो आणि शेगडीवर उतू जातो. उकळीच्या आधीची पाच मिनिटं पातेल्यापासून हलू नका. फेस चढला की आच कमी करा, वरून पाण्याचा फवारा मारा आणि फेस बसल्यावरच पहिले हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) टाका. धान्य पिशवीत घालून त्याच पातेल्यात भिजवणार असाल तर पाच किलो धान्य आणि सगळं पाणी एकदम मावत नाही. चार-पाच लिटर गरम पाणी बाजूला ठेवून पिशवी उचलल्यावर त्याने धान्य धुवा. पिशवी तळाला टेकलेली असताना खाली आच लावू नका, कापड जळतं. माल्टचा अर्क वापरणाऱ्यांनी तो घालताना शेगडी बंद करावी आणि पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावं, नाहीतर तो तळाशी बसून करपतो.

ॲल्युमिनियमला घाबरायचं कारण नाही. नवं पातेलं पाण्याने भरून अर्धा तास उकळा. आतून करडा थर येतो, तोच धातूचं रक्षण करतो. तो घासून चकचकीत करू नका आणि सोड्यासारखी क्षारयुक्त पावडरही वापरू नका. स्टीलला ही जपणूक लागत नाही, शिवाय तोटी बसवलेलं पातेलं मिळतं. गरम २० लिटर उचलून ओतायची वेळ येऊ नये, यासाठी तोटी हवीच.

एक पातेलं तेलाला आणि बीअरला दोन्हीकडे वापरू नका. तेलाचा थोडासा अंश राहिला तरी बीअरचा फेस टिकत नाही. म्हणजे संच घेतला तरी दुसरं पातेलं घ्यावंच लागतं, आणि इथेच त्याचा स्वस्तपणा बराचसा संपतो.

शेगडीतही दोन गोष्टी बघा. फ्रायरचा स्टँड उंच आणि अरुंद असतो. त्यावर २५ किलोंहून जड उकळतं पातेलं ठेवणं धोक्याचं. दुसरं, बऱ्याच मॉडेलना १५ मिनिटांचा टायमर असतो. बटण पुन्हा दाबलं नाही तर गॅस बंद होतो. तेल तापवताना हे योग्यच, पण तासाभराच्या उकळीत ते जाच होतं. टायमर काढून टाकण्याची शक्कल लढवू नका. त्यापेक्षा बीअरसाठी बुटकी शेगडी घ्या.

टर्की तळायला मात्र हाच संच योग्य. पक्षी १२ ते १४ पौंडांपेक्षा मोठा नको. आधी तो पातेल्यात ठेवून बुडेपर्यंत पाणी भरा, पक्षी काढून पाण्याच्या पातळीची खूण करा, तेल तेवढंच. मग पातेलं आणि पक्षी पूर्ण कोरडे करा. १२ पौंडांची गोठलेली टर्की फ्रिजमध्ये सुटायला तीन दिवस लागतात. आत बर्फ राहिला तर त्याची क्षणात वाफ होते, तेल उसळून बाहेर येतं आणि ज्योतीवर पडून पेट घेतं. शेंगदाण्याचं तेल १७५ अंश सेल्सियसला आणा, शेगडी बंद करा, टर्की सावकाश सोडा आणि मगच पुन्हा पेटवा. पौंडाला साडेतीन मिनिटं धरा. मांडीच्या जाड भागात ७४ अंश दिसले पाहिजेत. जागा घरापासून तीन मीटर दूर, सपाट जमिनीवर. लाकडी डेक आणि गॅरेज दोन्ही वर्ज्य.

वडे-चकल्यांसाठी हे उंच पातेलं गैरसोयीचं: झारा तळापर्यंत जात नाही, तेल अफाट लागतं. सपाट बुडाची कढई बुटक्या रुंद शेगडीवर पक्की बसते. बिर्याणीचा दम द्यायचा तर खाली जाड लोखंडी तवा ठेवा. या शेगड्यांची ज्योत मध्यभागीच जोर धरते आणि पातळ बूड तिथे करपतं.

वर्षातून एकदा टर्की आणि कधीतरी ८-१० लिटर बीअर एवढंच असेल तर संच घ्या, बीअरसाठी १६-२० लिटरचं स्टीलचं पातेलं जोडा. दर महिन्याला १९ लिटर करणार असाल तर बुटकी शेगडी आणि ४० लिटरचं स्टील.

कोणतीही शेगडी घेतलीत तरी जोडण्यांवर साबणाचं पाणी लावून गळती तपासा. सिलिंडरची चावी हळू उघडा. झटक्यात उघडली तर सुरक्षा झडप अडकते आणि ज्योत मिणमिणती राहते. तसं झालं तर सगळं बंद करून नळी काढा, मिनिटभर थांबून पुन्हा जोडा. ज्योत पिवळी असेल आणि बुडाला काजळी धरत असेल तर शेगडीची हवेची पट्टी उघडा आणि तिच्या नळकांड्यात कोळ्याचं जाळं आहे का ते पाहा. २० पौंडांचा सिलिंडर पूर्ण आचेवर साधारण आठ तास चालतो, पण थंडीत अर्धा रिकामा झाला की दाब पडतो. बीअरच्या दिवशी दुसरा भरलेला सिलिंडर हाताशी असू द्या.