कानाचं मशीन, फुकटचं अ‍ॅप आणि १५० रुपयांचा स्टँड (१० महिने वापरून)

आधीच सांगते, मी टेक्निकल माणूस नाही. चिपळूणला आमचं झेरॉक्स-स्टेशनरीचं छोटं दुकान आहे, मी ४७ वर्षांची, आणि गेली सहा-सात वर्षं कान हळूहळू जात चाललेत. इतके हळू की मला वाटायचं लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत. मागच्या जूनमध्ये शाळा उघडायच्या ऐन गर्दीत एका पोरीने तीन वेळा फीत मागितली आणि मी तीन वेळा पिनांची डबी पुढे केली. तिच्या मागच्या बाईने माझ्याकडे जे बघितलं ना, त्या रात्री मी मुलाला म्हटलं, उद्या कान दाखवायला जाऊ.

टेस्ट झाली. उजवा ६५ डेसिबल, डावा ६२. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांना ६० ते ७० म्हणजे 'ऐकू कमी येणारे', आणि ७० च्या पुढे बहिरे. म्हणजे मी बरोब्बर मधल्या खुर्चीत. टेस्टवाल्या मॅडमनी कागदावरची रेघ दाखवून समजावलं की माझी रेघ उजवीकडे घसरत जाते, म्हणजे बारीक, पातळ आवाज आधी गेलेत: स, श, फ, थ, ख असले. जाड आवाज अजून येतात. म्हणून मला माणूस बोलतोय हे कळतं पण काय बोलतोय ते कळत नाही, 'फीत' आणि 'पिन' मधली ई तेवढी पोचते आणि बाकी आपण आपलं जुळवायचं. आणि ओठ बघून ओळखावं म्हटलं तर प, ब, म ओठांवर एकसारखेच दिसतात. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता पापा, बाबा, मामा म्हणून बघा एकदा.

तर मशीन घेतलं. कानामागे बसणारं, जोडी ५२ हजारांना, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मशीन तसं चांगलंय, भांडण दुकानदाराशी आहे. त्याने विकताना ठासून सांगितलं की ब्लूटूथ आहे, फोनवरचं बोलणं थेट कानात येईल. घरी आल्यावर कळलं की मशीनचं ब्लूटूथ म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या अ‍ॅपपुरतं, कॉल काही कानात येईना. मुलाने दोन दिवस शोधाशोध केली तेव्हा समजलं की अँड्रॉइडमध्ये मशीनला थेट आवाज द्यायची जी पद्धत आहे तिला 'आशा' म्हणतात, २०१९ ला अँड्रॉइड १० बरोबर आली, पण ती फोनमध्येही पाहिजे आणि मशीनमध्येही पाहिजे, नुसतं अँड्रॉइड १० असून भागत नाही. नाव आशा आणि आमच्या घरी निराशा. त्यामुळे कोणी मशीन घेणार असाल तर आपला स्वतःचा फोन दुकानात न्या, तिथे बसून जोडायला लावा, घरून कोणाला तरी फोन करायला सांगा आणि कानात ऐकू आलं तरच पैसे मोजा. मला नंतर फोनचा आवाज मशीनला पोचवणारा, गळ्यात अडकवायचा स्ट्रीमर वेगळा घ्यावा लागला. तो चालतो, पण दिवसभर गळ्यात कुत्र्याच्या पट्ट्यासारखं वाटतं, मी आता फक्त मोठ्या भावाचा फोन असला की घालते कारण तो तासाच्या आत ठेवत नाही.

मशीनबद्दल आणखी एक, कोकणातल्यांसाठी खास. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत तिथे मशीन काय वाळणार. घाम आणि दमट हवा मिळून पहिल्याच महिन्यात डावं मशीन अधूनमधून गप्प व्हायला लागलं. आता रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून सिलिका जेलच्या डबीत ठेवते, निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे किंवा तापवून परत वापरायचे. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला पाच जणींनी दिला, ठेवू नका, पीठ जातं आत. बॅटरी १३ नंबरची, केशरी स्टिकरवाली. स्टिकर काढल्यावर लगेच घालायची नाही, मिनिटभर हवा खाऊ द्यायची, ती हवेवरच चालते. हे मला दुकानात कोणी सांगितलं नव्हतं, दोन महिने मी ताजी बॅटरी लगेच कोंबत होते आणि वर बॅटरीलाच शिव्या देत होते.

आता मुख्य गोष्ट. लोक विचारतात मशीन लावलंत मग अ‍ॅप कशाला. मशीन आवाज वाढवतं, पण सगळेच आवाज वाढवतं. झेरॉक्स मशीनची घरघर, पंखा, बाहेर वडापची पीं पीं आणि त्यात गिऱ्हाईक, सगळं एकदम मोठं. शांत खोलीत एकच माणूस समोर असेल तर मशीन झकास. दुकानात नाही.

मुलाने फोनवर बोललेलं लिहून दाखवणारी दोन-तीन अ‍ॅप्स टाकून दिली. शेवटी टिकलं ते गूगलचं लाईव्ह ट्रान्सक्राइब. २०१९ ला आलं, वॉशिंग्टनची गॅलॉडेट युनिव्हर्सिटी, जी मुळात बहिऱ्यांसाठीच आहे, तिच्याबरोबर मिळून बनवलं, आणि सुरुवातीपासून सत्तरच्या वर भाषा. मराठी चालते. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. दोन भाषा निवडून ठेवता येतात, मी मराठी आणि इंग्रजी ठेवल्यात, कारण आमची पोरं 'काकी, ए-फोरचे टेन पेजेस बॅक टू बॅक' असंच बोलतात.

पहिले तीन आठवडे मात्र मी ते चुकीचं वापरलं आणि जवळजवळ सोडून दिलं होतं. मी फोन हातात धरायचे, स्क्रीन माझ्याकडे. गिऱ्हाईक बोलतंय आणि मी मोबाइल बघतेय, दिसायला कसं दिसतं सांगा? एका काकांनी शेजारच्या दुकानात जाऊन सांगितलं की वहिनींना हल्ली मस्ती आलीय, माणूस समोर उभा आणि ह्या व्हॉट्सअ‍ॅप बघतात. शेजारणीने मला येऊन सांगितलं, अर्थात दोनदा सांगावं लागलं.

तेव्हा मुलाने १५० रुपयांचा मोबाइल स्टँड आणला. काउंटरच्या कडेला आडवा ठेवला, अक्षर सगळ्यात मोठं केलं, दोघांना दिसेल असा, बसस्टँडवरच्या टीव्हीसारखा. आणि मी एक कागद छापून लॅमिनेट करून खाली चिकटवला (लॅमिनेशन घरचंच!): 'मला कमी ऐकू येतं. फोनकडे बघून बोला.' हे लिहायला मला आठ दिवस लागले. छापायला अर्धा मिनिट.

आणि मग गंमत झाली. माणसाला स्वतःचं बोलणं लिहिलेलं दिसलं की तो आपोआप सावकाश बोलतो. चूक दिसली की स्वतःच सुधारतो, 'नाय नाय, तसं नाय म्हटलं मी' म्हणून परत म्हणतो. आधी मी तिसऱ्यांदा 'काय?' विचारलं की लोक चिडायचे, आता ते फोनवर चिडतात, माझ्यावर नाही. एक आजोबा जमिनीच्या आठ-अ चे दोन उतारे मागत होते, स्क्रीनवर आलं 'आठवाचे दोन उतारे', आम्ही दोघांनी एकदमच वाचलं. मी म्हटलं, आजोबा, उतारे आठवायला कशाला पायजेत, नजर लागली का कोणाची? ते एवढे हसले की खाली बसले. आता आले की आधी स्टँडसमोर उभे राहून फोनला नमस्कार करतात. 'वायच थांबा' (म्हणजे जरा थांबा) चं 'वाईट थांबा' होतं हे तर आता सगळ्या गल्लीला माहीत आहे, मुद्दाम म्हणतात. बोलीभाषेला ही सगळीच अ‍ॅप्स अडखळतात, त्यात नवल नाही, पुण्याची सून पण अडखळते.

शाळा सुटली की पोरं येऊन स्क्रीनवर शिव्या उमटतात का बघतात. वाईट शब्द झाकायची सेटिंग आहे, ती चालू केली. पोरं आता तिथे नाहीत असे नवीन शब्द शोधून आणतात, माझं मराठी वाढतंय.

कुठे मार खातं ते पण लिहिते. इंटरनेट गेलं की माझ्यासाठी अ‍ॅप गेलं, आणि पावसात आमच्याकडे लाईट आणि नेट हातात हात घालून जातात. दुसरं म्हणजे पत्रा. आमच्या दुकानाला पुढे पत्रा आहे, जुलैच्या सरीत त्याच्यावर जो ताशा वाजतो त्यात चांगले कान असलेल्यालाही ऐकू येत नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन गोल दिसतात, एक आजूबाजूच्या आवाजाचा आणि एक बोलण्याचा, आवाजाचा गोल फुगला की समजायचं आता कागद-पेन काढा. कागद-पेन स्टेशनरीच्या दुकानात कमी नाही, तेवढं बरंय. तिसरं, घोळक्यात कोण बोललं ते कळत नाही. संक्रांतीला हळदीकुंकवाला पंधरा जणी, सगळ्यांचं बोलणं एकाच ओळीत, 'वाण काय दिलंस डायबेटीस आहे ना त्यांना गजरा किती सुंदर'. मी हसून मान हलवत बसले, सवय आहे. कमी ऐकणाऱ्या माणसाला हे मान हलवणं बी.ए. केल्यासारखं येतं.

त्यावर उपाय म्हणून कॉलरला लावायचा छोटा माईक घेतला, वायरवाला, फोनला जोडायचा. घरात जेवताना जो बोलेल त्याच्या हातात माईक. पहिल्या रात्री आमच्या यांनी आमटीत मीठ कमी आहे हे 'उपस्थित बंधू-भगिनींनो' ने सुरू करून सांगितलं. पण खरंच फरक पडतो, माईक तोंडाजवळ गेला की चुका निम्म्याच्या खाली येतात. फक्त वायर पानात जाते.

कॉलचं सांगायचं राहिलं. ज्या फोनवर कॉल चालू असतो त्याच फोनवर हे अ‍ॅप ऐकू शकत नाही, म्हणून मी कॉल यांच्या फोनवर स्पीकरवर घेते आणि माझा फोन शेजारी ठेवते. ओळखीच्या माणसाशी चालतं. पण एका बँकेच्या कस्टमर केअरने मला सरळ सांगितलं की ऐकू येणाऱ्या कोणाला तरी बोलायला द्या, आणि यांनी फोन घेतल्यावर म्हणाले खातं मॅडमचं आहे, मॅडमनाच बोलायला द्या. मी ईमेलवर विचारा म्हटलं तर नियमात नाही. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा मिळणं हा २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. तो खटला न दिसणारे आणि अ‍ॅसिड हल्ल्यात भाजलेले यांना केवायसीत डोळे मिचकावून दाखवा म्हणतात त्याचा होता, पण त्यांना डोळे मिचकावा आणि मला ऐकून सांगा, गोष्ट एकच ना. मी ती तारीख लिहून पत्र दिलंय. बघू.

एक काळजी घ्या. आमच्याकडे लोक आधार नंबर, मोबाइल नंबर मोठ्याने सांगतात आणि ते सगळं स्क्रीनवर उमटतं, मागे रांग उभी. लिहिलेलं ३ दिवस साठवून ठेवायची सोय आहे, मी ती बंद ठेवलीय, आणि नंबर असला की आता चिठ्ठीवर लिहायला सांगते.

ह्याच अ‍ॅपमध्ये घरातले आवाज ओळखून फोन थरथरवायची सोय आहे: दारावरची थाप, बाळाचं रडणं, कुत्रं, धुराचा अलार्म. कुकरची शिट्टी यादीत नाही! कुकर ज्यांच्या स्वयंपाकघरात नाही त्यांनी यादी केली असणार. शिट्टी म्हणजे बारीक आवाज, म्हणजे मला मशीन न लावता शून्य. सकाळी अंघोळीआधी मशीन काढलेलं असतं तेव्हाच नेमका भात लागतो. आता टायमर लावून मनगटावर साधा फिटनेस बँड घालते, १५०० चा, तो थरथरतो. पावलं किती चालले ते मी कधी बघितलेलं नाही. पहाटेचा गजर पण त्याच्यावरच, आधी यांना उठून मला हलवावं लागायचं, आता हे माझ्यानंतर उठतात आणि चहा तयार मागतात, हा तोटाच म्हणायचा.

घ्यायचं काय आधी असं विचाराल तर टेस्ट करा, मग मशीनचं बघा. मुंबईच्या जवळपास असाल तर बांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची सरकारी, तिथे चौकशी करून मग बाजारात जा, मी उलटं केलं. अ‍ॅप आजच टाका, फुकट आहे. आणि स्टँड घेताना खाली रबर असलेला घ्या, काचेच्या काउंटरवर नुसता प्लॅस्टिकचा घसरतो. माझा पहिला तसाच गेला, फोनसकट, एका बाईने 'ऐकू येतंय का वहिनी' म्हणून जोरात काउंटरवर हात आपटला तेव्हा.