गुबडूचा रंग-चार्ट: आठ महिने वापरल्यावर

आमच्या ग्रुपमध्ये अकरा जण मिळून एक काल्पनिक जनावर पाळतो, गुबडू. म्हणजे डुकरासारखंच पण मांजराएवढं, कान लोंबते आणि मान जवळपास नाहीच. पाळतो म्हणजे टॅबवर चित्रं काढतो आणि दोघांची पिल्लं कशी होतील ते फासे टाकून ठरवतो, रिकामटेकडे म्हणा हवं तर. त्यासाठी मी ३५० रुपयांना रेडीमेड चार्ट घेतला होता, १२ मूळ रंग, २४ खुणा. साठेक गुबडू काढून झाल्यावर लिहितोय.

मूळ रंग चांगलेत. फक्त पांढरा तसाच भरू नका, गुबडू बत्ताशासारखं दिसतं. पांढऱ्या डुकराची गुलाबी कातडी केसांतून दिसत असते, म्हणून आधी सगळीकडे फिका गुलाबी द्यायचा, त्यावर पांढऱ्या केसांच्या बारीक रेघा, आणि कान-नाकाशी रेघा विरळ ठेवायच्या. हे कळायला मला दोन महिने लागले, चार्टमध्ये एक ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं!

पट्ट्याचं तर विचारूच नका. हॅम्पशायर जातीच्या काळ्या डुकराला खांद्यावरून पांढरा पट्टा असतो, तो पुढच्या दोन्ही पायांवर उतरतो. चार्टवाल्याने पाय काळेच ठेवलेत, त्यामुळे आमच्या बिनमानेच्या गुबडूच्या गळ्यात कुणी लाळेरं बांधल्यासारखं वाटतं. पाय पांढरे केले आणि एका झटक्यात जनावर दिसायला लागलं. वर हा पट्टा 'रेअर' मध्ये टाकलाय, पण खऱ्या डुकरांत तो प्रभावी गुण आहे, आई किंवा बाप एकाकडून आला तरी पिल्लावर दिसतो, मग रेअर कसला? आम्ही फाशांचा नियमच बदलला.

पिल्लांचे उभे (मानेपासून शेपटीकडे) आणि आडवे (पाठीवरून पोटाकडे) पट्टे दोन्ही दिलेत, त्यातले आडवे मी कधीच वापरले नाहीत. कोकणात मामाकडे रानडुकरीण पिल्लं घेऊन शेतात घुसलेली पाहिलीय, पिल्लांच्या पाठीवर मानेपासून शेपटीकडे लांब पट्टे, थेट पडवळ! ते चारसहा महिन्यांत पुसट होत जातात. म्हणून आता पट्टे वेगळ्या लेयरवर ठेवतो आणि पिल्लू मोठं होईल तसा तो लेयर फिका करत जातो, सगळ्यात मजा यातच येते. हंगेरीच्या कुरळ्या केसांच्या मंगालित्सा डुकरांची पिल्लंही पट्टेवाली असतात, त्यामुळे माझ्या कुरळ्या गुबडूंनाही मिळाले.

खुणांची इंग्रजी नावं कुणाच्या लक्षातच राहत नव्हती. शेवटी बैल-घोड्यांची आपली नावं उचलली: बांडा, ढवळा, पवळा, कबरा. बर्कशायर डुक्कर काळं, चारही पाय पांढरे, नाकाशी पांढरं, म्हणून ते 'पंचकल्याणी'. ही नावं आल्यापासून भांडणं कमी झाली, कारण 'बांडा' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर तेच येतं.

गॅलेक्सी, इंद्रधनुष्य वगैरे शेवटच्या सहा खुणा निव्वळ भरती. माझ्या भाचीला मात्र त्याच आवडतात, तिचं सगळं घराणंच जांभळं आहे.

घ्यायचा असेल तर घ्या, फक्त पट्ट्याचे पाय स्वतः रंगवा. आणि बर्कशायरच्या शेपटीचं टोकही पांढरं असतं हं, म्हणजे खरं तर सहा खुणा. माझ्या नऊ पंचकल्याणींपैकी सात जणांची शेपटी अजून काळीच आहे.