लिथियम की व्हॅल्प्रोएट? आमच्या घरातला हिशेब

डॉक्टरांनी कागदावर दोन नावं लिहून "घरी बोलून ठरवा, पुढच्या वेळी सांगा" म्हटलं असेल, तर हे तुमच्यासाठी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत शिकवते. मला बायपोलर, म्हणजे मन कधी उन्मादात चढतं तर कधी उदासीत बुडतं तो आजार आहे, हे कळून बारा वर्षं झाली. पहिली तीन वर्षं व्हॅल्प्रोएट घेतलं, नंतर लिथियम, ते आजपर्यंत. माझा चुलतभाऊ निपाणीकडं असतो, टेम्पो चालवतो. त्यालाही हाच आजार, पण त्याचं उलट झालं, लिथियम सोडून तो व्हॅल्प्रोएटवर गेला. दोघांचंही बरं चाललंय. गोळी लिहायची ती डॉक्टरांनीच. पण आपला दिवस कसा जातो, हे आपण सांगितल्याशिवाय त्यांना कुठून कळणार?

आधी गुण बघू. लिथियम म्हणजे साधा क्षार. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांना तो दिला आणि फरक दिसला, तिथून हे औषध सुरू झालं. व्हॅल्प्रोएट मूळचं फिट्सचं. १९६२ मध्ये फ्रान्समध्ये दुसरी औषधं विरघळवायला ते वापरत होते, तेव्हा त्याचाच गुण योगायोगानं ध्यानात आला. म्हणून आजही मेडिकलवाला स्ट्रिप बघून "फिट येते काय?" असं सगळ्यांसमोर विचारतो. आमच्याकडं लग्नाच्या बोलण्यात ही स्ट्रिप कुणाच्या नजरेला पडली की वेगळीच गोष्ट गावभर होते, हेही धरून चाला.

उन्मादात चढलेला माणूस लवकर खाली आणायचा असेल तर व्हॅल्प्रोएट काही दिवसांत कामाला लागतं. लिथियमला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर सोबत दुसरं काहीतरी द्यावं लागतं. पण वर्षानुवर्षं उन्मादाचा किंवा उदासीचा झटका परत येऊ नये यासाठी लिथियम वरचढ. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'बॅलन्स' नावाच्या औषध-चाचणीत दोन्ही समोरासमोर ठेवली होती, त्यात लिथियम सरस ठरलं. शिवाय जीव द्यावा असे विचार ज्यांना येतात, त्यांच्यासाठी लिथियमचा आधार फार जुना आणि पक्का आहे. मला त्या बाजूचा अनुभव आहे, म्हणून माझं माप तिकडं झुकतं. हे आधीच सांगितलेलं बरं.

आता किंमत. पैशाची म्हणत नाही, सांभाळण्याची.

लिथियमचं प्रमाण रक्तात लिटरला साधारण ०.६ ते १.० मिलिमोलच्या मध्ये लागतं. दीडच्या वर गेलं की विष. एवढीच फट. म्हणून सुरुवातीला डोस बदलला की आठवड्यानं, आणि एकदा बसलं की तीन ते सहा महिन्यांनी रक्त द्यायचं. तेही रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी न घेता. मी पहिल्यांदा सकाळी गोळी घेऊनच गेले. आकडा फुगून आला, डोस कमी झाला आणि महिनाभरात माझी झोप उडायला लागली. सॅम्पल घेणाऱ्यानं वेळ विचारली नाही, मीही सांगितली नाही. आता मी चिठ्ठीवर स्वतःच लिहून देते: शेवटची गोळी रात्री नऊ.

दुसरं म्हणजे पाणी आणि मीठ. अंगातलं पाणी आटलं की लिथियम वर चढतं. मीठ एकदम तोडलं तरी चढतं. कंबरदुखीच्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, आणि बीपीच्या बऱ्याच गोळ्या यांनीही तेच होतं. हे मला कागदावर माहीत होतं. तरी एका मे महिन्यात नणंदेच्या लग्नात गुडघा धरला, आणि मांडवातल्याच कुणीतरी मेडिकलमधून पाकीट आणून दिलं. चार दिवस सकाळ-संध्याकाळ घेतल्या. पाचव्या दिवशी जुलाब, हातातला तांब्या धरवेना, जीभ जड. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. सासूबाईंनी कांदा फोडून डोक्यावर ठेवला, कैरीचं पन्हं पाजलं. बेळगावला नेलं तेव्हा आकडा १.९ होता. दोन दिवस सलाईन. तेव्हापासून दुखलं की पॅरासिटामॉल, आणि पर्समध्ये एक चिठ्ठी: मी लिथियमवर आहे. उलटी-जुलाब सुरू झाले की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. निर्जळी एकादशी मी सोडली. सासूबाई काही महिने बोलल्या, मग गप्प बसल्या.

हात थरथरतो, हेही आहे. फळ्यावर लिहिताना चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमची वेलांटी हालतीय." वर्ग हसला, मीही हसले. डोस थोडा खाली आणल्यावर कमी झालं. व्हॅल्प्रोएटनंही हात थरथरतात, तेव्हा या बाबतीत दोघं सारखेच. पाचव्या वर्षी थायरॉइड घसरलं. आता पहाटे उपाशीपोटी तीही एक गोळी. किडनीसाठी क्रिएटिनिन बघत राहावं लागतं.

भावाचं गणित इथंच फिसकटलं. टेम्पोत भाजी भरून पहाटे चोर्ला घाटानं गोव्याला जायचं, आणि लिथियमनं सारखी तहान, सारखी लघवी. घाटात किती वेळा थांबणार? मग तो पाणीच प्यायचा नाही, म्हणजे नेमकं करू नये ते. रक्ताच्या तारखाही चुकायच्या. त्याला रात्री एकदा घ्यायचं व्हॅल्प्रोएट लागू पडलं. यात लिव्हर आणि प्लेटलेट बघायच्या असतात, पण लिथियमसारखी सुईच्या टोकावरची कसरत नाही. वजन मात्र नऊ किलो वाढलं. कुंदा या मिठाईसाठी नावाजलेल्या बेळगावजवळ राहून आणि ही गोळी घेऊन वजन आवरणं अवघड आहे, तो म्हणतो. केसही गळतात.

बायकांनी पुढचं नीट वाचा. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू असेल तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग दिसतं, आणि दहातल्या तीन-चार मुलांच्या वाढीत, बोलण्यात, शिकण्यात अडचणी येतात. फॉलिक ॲसिडनं हा धोका पुसला जात नाही. ब्रिटननं २०१८ पासून मूल होऊ शकणाऱ्या बायकांना हे औषध देण्यावर कडक अटी घातल्या. मला तीन वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं; लग्न ठरल्यावर मीच विचारलं तेव्हा डॉक्टर क्षणभर कागदाकडं बघत बसले. लिथियमचा धोका आहे, पण बराच कमी. गरोदरपणात रक्ताचे आकडे वारंवार बघावे लागले, कारण त्या काळात लिथियम लघवीतून जास्त निघून जातं. मुलगी सहा वर्षांची आहे, बरी आहे. आपणच घाबरून गोळी बंद करणं मात्र कुणी करू नये. दोन्हींतली कुठलीही अचानक सोडली की झटका उसळून येतो. पुरुषांनाही २०२४ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी व्हॅल्प्रोएटबद्दल खबरदारी सांगितली आहे. तेव्हा मूल हवं असेल तर त्यांनीही आधी विचारावं.

लॅमोट्रिजिन नावाची तिसरी गोळीही कानावर येईल. उदासीचं पारडं जड असणाऱ्यांना ती चांगली, पण दोन-दोन आठवड्यांनी हळूहळू वाढवायची. अंगावर पुरळ उठलं तर लगेच डॉक्टर. क्वेटियापिन म्हणून आणखी एक गोळी असते, तिनं झोप येते आणि साखर-वजन वाढतं.

तेव्हा माझं मत असं. मूल व्हायचं वय असलेल्या बाईनं व्हॅल्प्रोएटला आधी नाही म्हणावं आणि डॉक्टरांना पर्याय विचारावा. रक्त तपासायला जाता येतं, पाणी वेळेवर पिता येतं, त्यानं लिथियम आधी बघावं. दिवसभर उन्हात ऊसतोड करणारा, लॅबपासून लांब राहणारा, तारीख न पाळणारा असेल, त्याला लिथियम देण्याआधी डॉक्टरांनी दहादा विचार करावा, आणि त्यानंही खरं ते सांगावं.

आमच्या भागाची एक गोची वेगळीच. मनाचे डॉक्टर धारवाडला डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत, बीपीचे मिरजेला किंवा कोल्हापूरला, आणि एकाची फाईल दुसरा बघत नाही. दोन्हीकडं दोन्ही फाईली न्या. सरकारी दवाखान्यात मला दोनदा लिथियम मिळालं नाही. बाहेरून घेताना सावकाश विरघळणारी गोळी की साधी, ३०० मिलिग्रॅमची की ४००, हे जुन्या स्ट्रिपशी ताडून बघा. आणि पश्चिमेकडच्या गावात राहत असाल तर मृगाआधी महिन्याच्या गोळ्या जास्त आणून ठेवा. नाले भरले की आमच्याकडं एसटी दोन-दोन दिवस येत नाही.