डायनाबीड्स सीडी३/सीडी२८: मणी उत्तम, पण सायटोकाइनवर काटकसर नको

माणसाच्या टी पेशींवर (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) काम सुरू करणारी मुलं हमखास विचारतात, "ताई, पेशी चेतवायला हे महागडे डायनाबीड्स मणी घ्यायलाच हवेत का? पीएचएवर भागणार नाही?" पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये टी पेशींचं कल्चर माझ्याकडे असतं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

पीएचए हे पेशी चेतवणारं प्रथिन राजम्यातून निघतं, स्वस्त आहे. पेशी वाढतात की नाही एवढंच बघायचं असेल तर ते पुरतं. पण ते पेशीवरच्या साखरेला मिळेल तिथे चिकटतं. डायनाबीड्सच्या ४.५ मायक्रॉनच्या चुंबकीय मण्यावर मात्र दोनच प्रकारच्या अँटीबॉडी असतात, टी पेशीवरच्या सीडी३ आणि सीडी२८ या प्रथिनांना चिकटणाऱ्या. सीडी३ विरुद्धची अँटीबॉडी टी पेशीच्या रिसेप्टरला (इशारा पकडणाऱ्या प्रथिनाला) जागं करते आणि सीडी२८ विरुद्धची तो इशारा पक्का करते. दुसरीशिवाय नुसती पहिली दिली तर पेशी बधिर पडू शकते. एकसारख्या आकाराचे मणी बनवण्याची रीत नॉर्वेत जॉन उगेलस्टाड यांनी १९७० च्या दशकात शोधली. अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळालेल्या किमरिया या कॅन्सरवरच्या उपचारातही रुग्णाच्या टी पेशी सीडी३/सीडी२८ मण्यांनीच चेतवतात.

मणी टाकून दुसऱ्या दिवशी प्लेट मायक्रोस्कोपखाली धरा. तपकिरी मण्यांभोवती पेशींचे झुबके झालेले असतात आणि कडेच्या पेशी फुगून लांबट दिसतात. फ्लोवर (पेशींवरची प्रथिनं मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर) पेशी चेतल्याच्या खुणा दिसतात: सीडी६९ काही तासांतच वर येतं, सीडी२५ सावकाश. इथवर मण्यांना माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण.

खरी गोष्ट पुढे आहे आणि नवीन मुलं नेमकी तिथेच हात आखडता घेतात. सीडी२५ हा आयएल-२ या सायटोकाइनच्या (पेशींना निरोप देणाऱ्या प्रथिनाच्या) रिसेप्टरचा अल्फा भाग. शांत पेशीत बीटा आणि गॅमा हे भाग असले तरी आयएल-२ ची पकड सैल असते. मण्याने पेशी चेतली, अल्फा आला, की तीच पकड शंभरेक पट घट्ट होते. म्हणजे पेशीला आधी मणी सांगतो "जागी हो", मगच सायटोकाइनचं म्हणणं तिला नीट ऐकू येतं. चेतलेली पेशी स्वतःही आयएल-२ बनवते, पण ते लवकर संपतं. म्हणून आम्ही सुरुवातीला ३० युनिट प्रति मिली घालतो आणि मीडिया (पेशींचं पोषक द्रव) पिवळा पडू लागला की ताजा मीडिया आयएल-२ सकट देतो. १९७६ मध्ये आयएल-२ सापडलं तेच मुळी टी पेशी दीर्घकाळ वाढवणारा घटक म्हणून.

मात्र आयएल-२ भरमसाट ओतू नका. पेशी जोमाने वाढतात, पण लढाऊ होऊन लवकर थकतात. टिकाऊ, स्मृतिपेशींसारख्या पेशी हव्या असतील तर आम्ही आयएल-७ आणि आयएल-१५ ही सायटोकाइनं वापरतो.

सायटोकाइनने केवढा फरक पडतो हे मला एलायझाच्या (रंगावरून प्रथिन मोजणाऱ्या चाचणीच्या) प्लेटवर सगळ्यात स्पष्ट दिसलं. एकाच दात्याच्या सीडी४ पेशी (टी पेशींचाच एक प्रकार), तेच मणी, तोच मीडिया. एका ओळीत आयएल-१२, दुसरीत आयएल-४. पेशींनी सोडलेलं इंटरफेरॉन गॅमा हे सायटोकाइन मोजायला (जितकं जास्त तितका रंग गडद) ॲसिड घालून रंग थांबवला तेव्हा आयएल-१२ ची ओळ गडद पिवळी आणि आयएल-४ ची जवळजवळ पाण्यासारखी होती. आयएल-१२ पेशीच्या आतल्या स्टॅट४ या निरोप्या प्रथिनामार्फत पेशीला एका वाटेला लावतं, आयएल-४ स्टॅट६ मार्फत दुसऱ्या. मण्याने दोन्हीकडे जागं करण्याचं काम सारखंच केलं होतं. ती प्लेट मी येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवते.

आता तक्रार. ती मण्यांबद्दल नाही, माल पोचवण्याबद्दल आहे. एका वितरकाने मण्यांची वायल (कुपी) ड्राय आइसमधल्या दुसऱ्या मालासोबत पाठवली. मणी गोठवायचे नसतात, २ ते ८ अंशांतच ठेवायचे असतात. मी खोका तिथल्या तिथे परत केला, तुम्हीही करा. ऑर्डरवरच तापमान ठळक लिहा आणि माल येईल त्या दिवशी कोणीतरी लॅबमध्ये असेल हे बघा.

वापरताना वायल व्होर्टेक्सवर (हलवायच्या यंत्रावर) नीट ढवळा, मणी तळाशी बसलेले असतात. मणी धुऊनच घ्या. फ्लोला जाण्याआधी चुंबकावर काढून टाका, नाहीतर गेटमध्ये (मोजायला निवडलेल्या पेशींत) भलतंच काही दिसेल. आयएल-२ विरघळवलं की लगेच छोट्या ॲलिक्वॉटमध्ये वाटून गोठवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका. आणि युनिट बघा. एक कंपनी मायक्रोग्रॅममध्ये विकते, दुसरी आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये, आणि लॉटनुसार ॲक्टिव्हिटी बदलते.

बजेट तुटपुंजं असेल तर मण्यांची ०.४ मिलीची छोटी वायल घ्या. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला ८०,००० पेशी आणि २ मायक्रोलिटर मणी या हिशेबाने २०० वेल होतात. उरलेले पैसे चांगल्या आयएल-२ वर, आणि जमलं तर आयएल-७ आणि आयएल-१५ वर लावा.