क्रिप्टोकॉकस अँटिजेन पट्टी : एका प्रश्नाचे चोख उत्तर

दोन-तीन आठवडे डोके दुखते, अधूनमधून ताप येतो, उलट्या होतात आणि मग घरचे सांगतात की माणूस असंबद्ध बोलू लागला आहे. असा रुग्ण अक्कलकोट, मंगळवेढा किंवा तुळजापूरहून सोलापुरात आला, की 'क्षयाचा मेंदूज्वर' हे नाव त्याला बहुधा पहिल्याच दिवशी चिकटते. आपल्या भागात क्षयरोगाचे प्रमाण पाहता तो अंदाज बऱ्याचदा बरोबरही ठरतो. परंतु हेच चित्र क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीमुळेही तंतोतंत उभे राहू शकते. ती शक्यता तपासण्यासाठी हल्ली मिळणारी अँटिजेनची (बुरशीच्या अंगच्या घटकाचा माग काढणारी) पट्टी मी व्यवहारात वापरतो आहे. हे परीक्षण त्या पट्टीचे आहे. ते एका फिजिशियनच्या नजरेतून लिहिलेले आहे, प्रयोगशाळेच्या नव्हे.

पट्टी दिसायला घरगुती गर्भचाचणीच्या पट्टीसारखीच आहे. छोट्या नळीत द्रावणाचा एक थेंब, त्यात ४० मायक्रोलिटर रक्तद्रव किंवा पाठीतून काढलेले पाणी (मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव) घालायचे, पट्टी उभी करायची आणि १० मिनिटांनी वाचायची. दोन रेघा म्हणजे अँटिजेन आहे, एक म्हणजे नाही. दुसरी रेघ कितीही फिकी असली तरी ती 'आहे' अशीच धरायची असते. नवख्या तंत्रज्ञाला हे आधीच बजावून ठेवावे, कारण फिकी रेघ दिसली की 'संशयास्पद' असा शेरा मारण्याचा मोह होतो. सेंट्रिफ्यूज (नमुना फिरवून गाळ वेगळा करणारे यंत्र) नको, दुसरे यंत्र नको, वीज गेली तरी अडत नाही. या प्रकारच्या पट्टीला अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळाली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही तिची शिफारस केली.

तिच्या आधी आपली भिस्त इंडिया इंकवर होती. काळ्या शाईच्या पार्श्वभूमीवर बुरशीच्या पेशीभोवतीचे पारदर्शक कवच शोधण्याची ती जुनी, स्वस्त पद्धत मी टाकाऊ मानत नाही. मात्र पाण्यात बुरशी कमी असली की ती हुकते, आणि एचआयव्ही नसलेल्या रुग्णांत हे जास्त घडते. शिवाय सगळे पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून असते. हवेचा बुडबुडा किंवा लिम्फोसाइट ही पांढरी पेशीसुद्धा घाईत बुरशी म्हणून खपून जाते. एचआयव्हीबाधित रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यावर पट्टीची संवेदनक्षमता (आजार असलेल्यांना पकडण्याचे प्रमाण) अभ्यासांमध्ये ९९ टक्क्यांच्या आसपास आढळली आहे, आणि वैद्यकातील फार थोड्या चाचण्यांबद्दल असे म्हणता येते.

हा फरक करण्यासाठी एवढा खटाटोप का, असा प्रश्न रुग्णाचे नातेवाईक विचारतात आणि तो रास्त आहे. दोन्हींचे उपचार नुसते वेगळे नाहीत, ते एकमेकांच्या आड येतात. क्षयाच्या मेंदूज्वरात गोळ्यांबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्याने मृत्यू घटतात, हे व्हिएतनाममधील २००४ सालच्या चाचणीने दाखवून दिले (एचआयव्हीबाधितांत हा फायदा २०२३ सालच्या चाचणीत दिसला नाही, ही गोष्ट वेगळी). याउलट एचआयव्हीबाधितांच्या क्रिप्टोकॉकल मेंदूज्वरात तेच डेक्सामेथासोन हानिकारक ठरल्यामुळे त्याची दुसरी एक चाचणी मध्येच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे 'क्षयच असेल' असे धरून स्टेरॉइड सुरू केले आणि आत बुरशी निघाली, तर औषधानेच अपाय होतो. त्यात रिफाम्पिसिन हे क्षयाचे औषध फ्लुकोनाझोल या बुरशीवरील औषधाची रक्तातली पातळी खाली आणते, त्यामुळे दोन्ही उपचार डोळे झाकून एकदम लावणे हाही तोडगा नाही.

पाण्याच्या नेहमीच्या तपासणीवर विसंबून हा निवाडा होत नाही. लिम्फोसाइट वाढलेले, प्रथिने वाढलेली, साखर घटलेली, हे चित्र दोन्हींत दिसते. एचआयव्हीच्या प्रगत अवस्थेत क्रिप्टोकॉकसच्या रुग्णाचे पाणी जवळजवळ निर्दोष दिसू शकते आणि तेच सर्वांत जास्त फसवते. आपल्याकडे एडीए (पाण्यातील एक एन्झाइम) १० युनिटच्या वर गेले की क्षयावर शिक्का मारण्याची पद्धत पडली आहे. पण एडीए बुरशीतही वाढू शकते, आणि जिवाणूंच्या मेंदूज्वरातही. मेंदूच्या तळाशी साचलेला स्राव, मेंदूतील पोकळ्या फुगणे, क्षयाच्या गाठी, बेसल गँग्लिया या मेंदूच्या खोल भागातील इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग) हे एमआरआयवर एकत्र दिसले तर मी क्षयाकडे झुकतो. चेहऱ्याची किंवा डोळ्याची नस अधू होणे, सोडियम घसरणे हेही त्याच बाजूला वजन टाकते. डोकेदुखी सर्वांवर कुरघोडी करत असेल, दृष्टी धूसर होत असेल आणि सुई घातल्याबरोबर पाणी जोरात उसळत असेल, तर बुरशीची शंका बळावते. ही सगळी झुकती मापे आहेत, पुरावे नव्हेत. पुरावा हवा असेल तर पट्टी हवी.

इथवर स्तुती झाली. आता मर्यादा, कारण पट्टीच्या लोकप्रियतेबरोबर तिचा गैरसमजही पसरत आहे. ही पट्टी फक्त क्रिप्टोकॉकस ओळखते. कॅन्डिडा, ॲस्परजिलस, म्युकर यांना ती ओळखत नाही. मणक्यात दिलेल्या इंजेक्शननंतर किंवा मधुमेह्याच्या सायनसमधून आत शिरलेल्या बुरशीबाबत एक रेघ आली म्हणून निर्धास्त राहणे घातक ठरेल. दुसरे म्हणजे अँटिजेन अतिप्रचंड असेल तर पट्टी उलट नकारार्थी येऊ शकते. लक्षणे ठाम बुरशीची आणि पट्टी कोरी, अशी विसंगती दिसली तर तोच नमुना पातळ करून पुन्हा तपासायला सांगावे. तिसरे, उपचारानंतर अँटिजेन कित्येक महिने रेंगाळते, त्यामुळे 'बरा झाला का' हे या पट्टीवर पाहू नये; त्यासाठी कल्चरच (नमुन्यातून जंतू वाढवून पाहणे) लागते. क्वचित ट्रायकोस्पोरॉन ही दुसरी बुरशी खोटी रेघ उमटवते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पट्टी नकारार्थी आली की क्षय सिद्ध होत नाही. इथे मला आपल्याकडच्या रिपोर्ट वाचण्याच्या सवयीवर टीका करावीशी वाटते. क्षयासाठी पट्टीइतकी चोख चाचणी अजून हातात नाही. स्लाइडवर क्षयाचे जंतू थोड्याच रुग्णांत सापडतात, कल्चरला आठवडे जातात. सीबीनॅट, म्हणजे जीनएक्सपर्ट (क्षयजंतूचा डीएनए शोधणारी चाचणी), जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ पासून पाठीतल्या पाण्यासाठी पहिली चाचणी म्हणून सुचवले आहे. त्याची अल्ट्रा आवृत्ती अधिक संवेदनक्षम असली, तरी नकारार्थी उत्तराने तीही क्षय बाद करू शकत नाही. पाणी भरपूर दिले, किमान ६ मिलिलिटर, आणि सेंट्रिफ्यूज करून तळाचा गाळ तपासला, तर यश वाढते. आपल्याकडे मात्र मिलिलिटरभर पाण्यातून पेशी, साखर, प्रथिने, एडीए, स्मिअर आणि सीबीनॅट असे सगळे मागवले जाते आणि मग 'काही सापडले नाही' अशी तक्रार होते.

सोलापूरच्या व्यवहारात मला पट्टीपेक्षा तिच्यापर्यंत पोहोचण्याचाच त्रास जास्त झाला. शहरातील एका प्रयोगशाळेने नमुना घेतला, पण पट्टी तिच्याकडे नव्हती. तो बाहेरगावी पाठवण्यात आला आणि १० मिनिटांच्या चाचणीचे उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. म्हणून मी आता नमुना देण्याआधीच 'पट्टी हातात आहे का' हे फोनवर विचारून घेतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा पट्ट्या पाकिटावर लिहिलेल्या तापमानातच ठेवल्या आहेत का, हेही विचारावे. नातेवाईकांची भीती हा आणखी एक अडसर आहे. 'पाठीत सुई घातली की पाय जातात' हा समज अजून गावोगावी आहे. अशा वेळी पट्टी रक्तावरही चालते, हे तिचे मोठे बळ. एचआयव्हीबाधिताच्या रक्तात रेघ उमटली तर पाणी काढण्याचा आग्रह धरायला मला भक्कम कारण मिळते.

याच गुणामुळे एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रांसाठी ती खरोखर मोलाची आहे. सीडी४ (एचआयव्हीमुळे घटणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) १०० पेक्षा कमी असलेल्या प्रत्येकाची रक्तावर तपासणी करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि २०० पर्यंतही ती विचारात घेता येते. मेंदूज्वराची लक्षणे दिसण्याआधीच ती बुरशी पकडून देते. एचआयव्ही नसलेले, परंतु दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, प्रत्यारोपण झालेले किंवा यकृताचा जुनाट आजार असलेले रुग्णही मी यात धरतो, मात्र त्यांच्याबाबतचा पुरावा तुलनेने तोकडा आहे हे ध्यानात ठेवूनच.

एमआरआयच्या खर्चाच्या मानाने पट्टीचा खर्च किरकोळ आहे. त्यामुळे मेंदूज्वराचे रुग्ण घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने ती स्वतःच्या प्रयोगशाळेत ठेवावी, असे माझे मत आहे. तिच्याबरोबर एक साधी गोष्टही ठेवावी, ती म्हणजे पाण्याचा दाब मोजण्याची नळी. क्रिप्टोकॉकसमध्ये दाब २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर पाणी पुन्हा पुन्हा काढून तो उतरवणे हा उपचारच आहे, आणि पट्टीवर दुसरी रेघ उमटल्यानंतर पहिली विचारणा त्या दाबाचीच होते.